सोळा वर्षं बसलेला खासदार पाडताना : फ्रीमाँटच्या गल्ल्यांतल्या दोन निवडणुका

फ्रीमाँटकर

परवाच्या गटगला (गेट-टुगेदरला) कोणीतरी म्हणालं की अमेरिकेत एकदा बसलेला खासदार मरेपर्यंत उठत नाही. मी म्हटलं, उठतो, मी स्वतः एकाला उठवायला मदत केलीय. मग जे सुरू झालं त्यात माझी मिसळ गार झाली, तेव्हा उरलेलं इथे लिहितो.

आधीच सांगून ठेवतो : या धाग्यात काँग्रेस म्हणजे वॉशिंग्टनची, अमेरिकेची संसद. दर वेळी तिसऱ्या प्रतिसादात नेहरू येतात, ते कृपया येऊ देऊ नका.

कॅलिफोर्नियाचा सतरावा मतदारसंघ. फ्रीमाँट, न्यूअर्क, मिल्पिटस, सनीवेल, सँटा क्लारा, क्युपर्टिनो आणि सॅन होजेचा उत्तरेकडचा तुकडा. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आशियाई वंशाचे लोक बहुसंख्य असलेला हा पहिला मतदारसंघ. खासदार माइक होंडा, २००१ पासून. आव्हान देणारे रो खन्ना, ओबामांच्या काळात वाणिज्य खात्यात अधिकारी राहिलेले वकील. दोघंही डेमोक्रॅट. २०१४ ला खन्ना पडले, २०१६ ला होंडा पडले. मी दोन्ही वेळा खन्नांच्या बाजूने फिरलो.

आता पोटात कालवतं ते कशाने, तर होंडा पाडावा असा माणूस नव्हता. जन्म १९४१ चा. वर्षाचे व्हायच्या सुमारास सगळं कुटुंब कोलोरॅडोतल्या अमाची छावणीत, जपानी वंशाचे म्हणून तारेच्या कुंपणाआड. सुटल्यावर सॅन होजेत स्ट्रॉबेरीच्या शेतात अर्धलीने राबणारे आईबाप. पुढे पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून एल साल्वादोर, मग शाळामास्तर, मग मुख्याध्यापक. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या बायकांना लैंगिक गुलामीत ठेवलं, त्यांची जपानने माफी मागावी असा ठराव २००७ मध्ये सभागृहात मंजूर करून घेतला तो याच माणसाने, स्वतः जपानी रक्ताचा असून. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर मुसलमानांकडे बोट दाखवणं सुरू झालं तेव्हा आवाज चढवणाऱ्या पहिल्या काही जणांत हे होते. छावणीत वाढलेल्या माणसाला ते कुणी शिकवावं लागत नाही.

मग मी विरुद्ध का गेलो? खरं कारण साधं आहे. ऑफिसातला एक मित्र शनिवारी सकाळी घेऊन गेला. फुकट बेगल होते. तत्त्वं नंतर सुचली.

तेव्हा मी एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. मत नाही, आणि देणगीही देता येत नाही, कारण ती नागरिकांनी आणि ग्रीन कार्डवाल्यांनीच द्यायची असा संघराज्याचा कायदा. पण बिनपगारी राबायला कुणाची आडकाठी नाही. म्हणजे सतरंज्या उचलायला व्हिसा लागत नाही. क्लिपबोर्डवर याद्या मिळायच्या : नाव, वय, पक्ष, मागच्या कुठल्या निवडणुकांत मत दिलं. कुणाला दिलं ते अर्थातच नाही. दार वाजवायचं, बोलायचं आणि नावापुढे १ ते ५ मधला आकडा लिहायचा. १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का त्यांचा. एका शनिवारात साठ दारं वाजवली तर पंधरा उघडायची. गेट असलेल्या अपार्टमेंटमध्ये तर तीही नाहीत.

आर्डनवुडमधली एक गल्ली आठवते. एका रांगेत आठ घरं आपल्याकडच्यांची, दोन घरांतून तर फोडणीचा वास. यादीत मात्र त्या आठातलं एकच घर. बाकीचे सगळे माझ्यासारखेच, ग्रीन कार्डच्या रांगेत. त्या एका घरातल्या काकूंनी आत बोलावून चहा दिला आणि विचारलं, "हे होंडा म्हणजे गाडीवाले का?" तेरा वर्षं खासदार होते ते.

त्या चहानंतर मला वाटू लागलं की याला हरवता येईल. होंडांनी कामं केली नव्हती म्हणून नव्हे. बार्ट रेल्वे सॅन होजेकडे न्यायला त्यांनी पैसे आणले होते, नॅनोटेक्नॉलॉजीच्या कायद्यात त्यांचा हात होता. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी घराघरांत जायला लावलंच नव्हतं. प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या आधीच्या उमेदवार निवडायच्या फेरीत, तगडा विरोधक नाही, नोव्हेंबरात रिपब्लिकन नावापुरता. न वापरलेल्या यंत्रावर गंज चढतो तशी गत.

बाकी प्रतिसादांत लिहितो. लेकीला पोहायला सोडायचंय.

---

बंड्या_बारामतीकर

पहिला! वाचून येतो.

---

बंड्या_बारामतीकर

वाचला. बेगलची कबुली आवडली. आमच्याकडे वडापाव असतो, पण तत्त्वं नंतर सुचतात हे अगदी तसंच.

---

कावेरी_कोथरूड

एक बाळबोध शंका. दोघंही एकाच पक्षाचे, तर प्रायमरीत एक बाद व्हायला हवा ना? नोव्हेंबरपर्यंत दोघं कसे पोचले?

---

फ्रीमाँटकर

कावेरीताई, बाळबोध नाही, सगळी मेख तिथेच आहे.

कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये सार्वमताने नियम बदलला आणि २०१२ पासून तो लागू झाला. प्रायमरीत (तेव्हा ती जूनमध्ये असायची) सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर. मतदार कुठल्याही पक्षाचा असो, कुणालाही मत देऊ शकतो. पहिले दोन नोव्हेंबरात भिडतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

त्यामुळे आमच्याइथे होंडांना हरवायला डेमोक्रॅट मतदारांत बहुमत असायची गरज नव्हती. रिपब्लिकन आणि कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले लोक, ज्यांचा एरवी या निकालाशी काडीचा संबंध नसतो, त्यांच्या हातात अचानक चावी आली. जुन्या पद्धतीत खन्ना २०१४ ला जूनमध्येच घरी गेले असते आणि हा धागा निघाला नसता.

शेजारच्याच मतदारसंघात हे आधी घडलं होतं. पीट स्टार्क १९७३ पासून खासदार, चाळीस वर्षं. खन्नांनी त्या जागेकडे डोळे लावून पैसे जमवले होते, पण स्टार्क पुन्हा उभे राहणार म्हटल्यावर ते थांबले. थांबला नाही तो एरिक स्वॉलवेल, डब्लिन नावाच्या छोट्या शहराचा नगरसेवक. २०१२ च्या नोव्हेंबरात त्याने स्टार्कना हरवलं, डेमोक्रॅट विरुद्ध डेमोक्रॅट.

---

डेटावाला_देशपांडे

आकडे ठेवतो, नुसत्या गप्पा नकोत.

२०१४, जून : होंडा ४८, खन्ना २८, बाकीची मतं मुख्यतः रिपब्लिकन डॉ. वनिला सिंग यांना आणि आणखी एका रिपब्लिकनला.
२०१४, नोव्हेंबर : होंडा ५१.८, खन्ना ४८.२. फरक पाच हजार मतांच्या आत.

जूनमधल्या आकड्यांशी ताडून बघा. होंडा जेमतेम चार टक्के चढले, खन्ना वीस. अनाथ झालेली जवळजवळ सगळी मतं खन्नांकडे वळल्यासारखी दिसतात आणि तरीही ती पुरली नाहीत.

२०१६, जून : खन्ना ३९.१, होंडा ३७.४.
२०१६, नोव्हेंबर : खन्ना ६१, होंडा ३९.

आता खरी गंमत. २०१४ ला या लढतीत एकूण मतं पडली साधारण १ लाख ३४ हजार. २०१६ ला २ लाख ३३ हजार. जवळजवळ एक लाख माणूस जास्त आला, कारण ते राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचं वर्ष. मधल्या वर्षी येतात ते म्हातारे, घरमालक, वर्षानुवर्षं मत देणारे, आणि ज्याचं नाव ओळखीचं त्याला देणारे. फ्रीमाँटकरांच्या गल्लीतले भाडेकरू, तरुण, नव्याने नागरिक झालेले चार वर्षांनी एकदाच उगवतात.

माझं मत : २०१६ ला खन्नांनी भाषणं वेगळी केली नाहीत. वर्ष वेगळं होतं.

---

सातारी_तडका

आकडे छान, पण शेठजी कुठे गेले? फेसबुकच्या शेरिल सँडबर्ग, याहूच्या मरिसा मायर, गूगलचे एरिक श्मिट, सगळी सिलिकॉन व्हॅली खन्नांमागे होती. गुरुजी पाडले आणि व्हॅलीचा माणूस बसवला, याला लोकशाहीचा विजय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आणि छावणीत लहानपण गेलेल्या माणसाला "तुमचा काळ संपला" म्हणून हिणवायचं, हे मला तरी पचत नाही.

---

फ्रीमाँटकर

तडकाभाऊ, पैसा होता, नाकारत नाही. २०१४ ला एका माणसाला एका फेरीत २,६०० डॉलरच देता यायचे, पण तेवढे देणारी माणसं व्हॅलीत पैशाला पासरी. उलट बाजूलाही काही फकीर नव्हते. ओबामांचा पाठिंबा होंडांना, शिक्षकांच्या आणि कामगारांच्या संघटना होंडांकडे, पक्षाचं अख्खं यंत्र होंडांकडे. आमच्याकडे होता तो सॅन होजे मर्क्युरी न्यूजचा अग्रलेख. लोक अग्रलेख कापून फ्रिजवर लावत नाहीत.

सगळा निकाल पैशाने लागत असता तर २०१४ लाच लागला असता.

आणि शेठजींच्या अपेक्षेबद्दल म्हणाल, तर हेच खन्ना पुढे बर्नी सँडर्सच्या २०२० च्या प्रचाराचे सहअध्यक्ष झाले आणि अब्जाधीशांवर संपत्तीकर लावा म्हणून बोलू लागले. चेक फाडणाऱ्यांपैकी काहींना आता ॲसिडिटी होत असणार.

हिणवण्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. फोनवर वाचून दाखवायच्या कागदात "नवी ऊर्जा" असा शब्द होता. पलीकडच्या सत्तरीच्या माणसाला ते म्हणताना माझी जीभ अडखळायची. तिसऱ्या आठवड्यापासून मी तो शब्द गाळू लागलो.

---

जुना_गिरगावकर

तुम्ही काँग्रेस आणू नका म्हणालात, पण १९६७ आणल्याशिवाय राहवत नाही. दक्षिण मुंबई. स. का. पाटील, केंद्रात रेल्वेमंत्री, तीन वेळा महापौर झालेले, मुंबईचे अनभिषिक्त राजे. समोर जॉर्ज फर्नांडिस, महापालिकेतला नगरसेवक, कामगारांचा पुढारी. मी तेव्हा आठवीत होतो. आमच्या चाळीच्या जिन्यात कागद लागला होता : तुम्ही पाटलांना पाडू शकता. एवढंच. वडील म्हणायचे, या पोराने निवडणूक जिंकली ती त्या एका वाक्यावर, कारण तोवर पाटलांना पाडता येतं असा विचारच कुणाच्या मनात आला नव्हता.

तुमच्या चहावाल्या काकूंचं वाचून ते आठवलं. बसलेल्या माणसाचं मोठं बळ म्हणजे तो पडेल असं कुणालाच न वाटणं.

---

बंड्या_बारामतीकर

काका, दंडवत. तिसऱ्याऐवजी आठव्या प्रतिसादात आली काँग्रेस, प्रगती आहे.

---

क्वीन्सवासी

न्यूयॉर्कहून. आमच्याकडे नेमकी उलटी कथा. जो क्राउली १९९९ पासून खासदार, क्वीन्सच्या पक्षयंत्रणेचे प्रमुख, पुढचे सभापती म्हणून नाव घेतलं जात होतं. २००४ नंतर त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत कुणी उभंच राहिलं नव्हतं. २६ जून २०१८ ला अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझने त्यांना जवळपास ५७-४३ असं झोपवलं.

आमची प्रायमरी बंद असते. डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तरच मत, आणि पक्ष बदलायचा तर तेव्हा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच बदलावा लागायचा. म्हणजे बाहेरचा चावीवाला कुणी नाही. मग जमलं कसं? तर मतदानालाच कुणी येत नाही म्हणून. दोघांची मिळून मतं तीस हजारांच्या आत, लाखो वस्तीच्या मतदारसंघात. ज्याने पंधरा-सोळा हजार माणसं घराबाहेर काढली तो खासदार. त्यात क्राउली ब्राँक्समधल्या एका वादसभेला स्वतः गेलेच नाहीत, बदली माणूस पाठवला. वर्तमानपत्रांनी धुतला.

त्यामुळे देशपांडे, तुमचं "जास्त मतदान म्हणजे आव्हानवीराला फायदा" हे सगळीकडे लागू नाही. फ्रीमाँटला जास्त लोक आले म्हणून जिंकले, आमच्याकडे कमी आले म्हणून.

---

डेटावाला_देशपांडे

मान्य. खुल्या फेरीचं गणित वेगळं, बंद फेरीचं वेगळं. मी "सगळीकडे" म्हटलं नव्हतं, पण लिहिण्यात तसा सूर लागला खरा.

तरी एक गोष्ट दोन्हीकडे टिकते की नाही ते बघतोय : दुसऱ्यांदा लढणं. कॅलिफोर्नियातच डॉ. अमी बेरा २०१० ला डॅन लंगरेनकडून हरले, २०१२ ला त्यांना हरवलं. मिसुरीत कोरी बुश २०१८ ला हरल्या, २०२० ला जिंकल्या. शिकागोजवळ मारी न्यूमन, तसंच, २०१८ आणि २०२०. आणि खन्ना. पहिल्या वेळी नाव कळतं, दुसऱ्या वेळी मत मिळतं.

---

कावेरी_कोथरूड

हे जरा "जिंकलेल्यांची यादी करून नियम काढणं" नाही का झालं? दोनदा लढून दोनदा हरलेले कुठे गेले?

---

डेटावाला_देशपांडे

झालं. टेक्सासमध्ये जेसिका सिस्नेरोस. हेन्री क्वेलार यांच्याविरुद्ध २०२० ला हरल्या, २०२२ ला पुन्हा लढल्या आणि फेरमोजणीनंतर २८९ मतांनी हरल्या. दोनशे एकोणनव्वद. आमच्या सोसायटीत त्याहून जास्त लोक आहेत.

आणि खन्नांचीसुद्धा ती दुसरी नव्हे, तिसरी वेळ होती. २००४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते टॉम लँटोस यांच्याविरुद्ध उभे होते, इराक युद्धाच्या मुद्द्यावर, जरा उत्तरेकडच्या दुसऱ्या मतदारसंघात. वीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. लँटोस म्हणजे नाझी छळातून वाचलेले. योगायोग बघा, दर वेळी समोर तारेच्या कुंपणातून आलेला माणूस.

---

सातारी_तडका

हा शेवटचा योगायोग मला माहीत नव्हता. चहा ठेवतो.

---

मिशिगनची_माई

आमच्या श्री ठाणेदारांचं नाव अजून कसं नाही आलं? चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉइटमधून खासदार आहे. त्यांनी कुणाला पाडलं नाही, २०२२ ला जागा मोकळी होती आणि रिंगणात गर्दी. पण आता ते बसलेले आणि आव्हानं त्यांना. २०२४ ला राज्याचे माजी सिनेटर अ‍ॅडम हॉलियर उभे राहणार होते, त्यांचा अर्जच बाद झाला. १,००० वैध सह्या लागतात, तेवढ्या भरल्या नाहीत.

सांगायचं कारण, तुमची सगळी चर्चा मतांची चाललीय. अर्ध्या मोहिमा त्याआधीच, सह्यांच्या कागदावर मरतात. मी एकदा एका स्थानिक निवडणुकीत सह्या गोळा केल्यात, मॉलच्या दारात, कडाक्याच्या थंडीत. लोक सही करतात पण पत्ता जुना लिहितात, नाहीतर त्या मतदारसंघातच राहत नसतात. लागतात त्याच्या दुप्पट घेतल्या तर रात्री झोप येते.

---

सातारी_तडका

चहा घेऊन आलो. फ्रीमाँटकर, होंडांची चौकशी चालू होती, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात का? तुमच्या बाजूचं लिहायला हवं होतं की उलट!

---

फ्रीमाँटकर

विसरलो नाही, टाळलं. पण विचारलंत तर सांगतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये काँग्रेसच्या नीतिविषयक कार्यालयाचा अहवाल बाहेर आला : होंडांच्या सरकारी कार्यालयाची माणसं आणि साधनं प्रचारासाठी वापरली गेली असं मानायला सबळ कारण आहे. मुख्य मुद्दा असा की देणगीदार कुणाला बोलवायचं याचा विचार सरकारी पगारावरचे लोक करत होते. सभागृहाच्या समितीने चौकशी चालू ठेवली. शिक्षा वगैरे काही झाली नाही. ते निवडणूक हरले आणि सदस्यच न राहिल्यामुळे समितीचा अधिकार संपला. पण २०१६ भर दारोदार आम्हाला तेच ऐकू यायचं, आम्ही विषय काढायच्या आधी. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी ५ चा आकडा घेतला होता ते ३ वर आले. गुरुजींची पुण्याई त्यांच्या स्वच्छ नावावर उभी होती, आणि तिथेच डाग पडला.

आमचेही हात धुतलेले नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये होंडांच्या बाजूने दावा ठोकला की खन्नांच्या प्रचारप्रमुखाने त्यांच्या देणगीदारांच्या फायली उघडून पाहिल्या. त्याने राजीनामा दिला. त्या शनिवारी प्रचार कार्यालयात बेगल होते, पण कुणी बोलत नव्हतं.

---

क्वीन्सवासी

अवांतर : २०१६ ला एकाच रात्री खन्ना, प्रमिला जयपाल आणि राजा कृष्णमूर्ती असे तीन नवे भारतीय वंशाचे खासदार झाले. दलिप सिंग सौंद १९५६ ला निवडून आले, त्यानंतर दुसरा यायला जवळजवळ अर्धशतक गेलं होतं.

---

जुना_गिरगावकर

फ्रीमाँटकर, तुम्हाला आता मत आहे का हो तिथे?

---

फ्रीमाँटकर

नाही काका. अजून रांगेतच. खन्ना पाच वेळा निवडून आले, मी ग्रीन कार्डच्या रांगेतला माझा प्राधान्य दिनांक बघतोय.

---

बंड्या_बारामतीकर

म्हणजे आता त्यांना पाडायला निघालात तरी फुकटच राबावं लागणार.

---

मिशिगनची_माई

बंड्या :)

मला एक विचारायचंय. दोन्ही वर्षी तुम्ही फिरलात, तर एखाद्या घरी दोन्ही वेळा गेलात का? आणि होंडांच्या वयाचं, त्यांच्यातलंच कुणी भेटलं का?

---

फ्रीमाँटकर

भेटलं. सनीवेलमध्ये, एकमजली घर, दारात छाटलेली जुनी पाइनची झाडं. २०१४ ला एका आजोबांनी दार उघडलं. माझं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, होंडा आणि मी लहान असताना एकाच छावणीत होतो. बस, इतकंच. ऊन होतं म्हणून पाण्याची बाटली दिली. मी ५ लिहिला आणि निघालो.

२०१६ ला तोच भाग माझ्या वाट्याला आला आणि यादीत तेच नाव. बरोबरचा मुलगा म्हणाला, मागच्या वेळचा ५ आहे, सोडून दे. मी गेलो. आजोबा बारीक झाले होते, मला ओळखलं नाही. म्हणाले, मतपत्रिका कालच टपालात टाकली. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कागदावर "मत दिले" असा एक चौकोन असतो, त्यात खूण केली.